पोकरच्या टेबलावर घेतलेला वेळ कोणाचा?

नऊ जणांच्या टेबलावर सात जणांनी पाने टाकून दिली आहेत. उरलेल्या दोघांपैकी एकाने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आहेत आणि ज्याची आता पाळी आहे तो दुसरा खेळाडू टेबलावरच्या पाच उघड्या पानांकडे पाहत निश्चल बसला आहे. पत्ते वाटणारा डीलर हात आवरून थांबला आहे. एक मिनिट सरते, दुसरे अर्ध्यावर येते, आणि पाने टाकून बसलेल्यांपैकी कोणीतरी खुर्चीत चुळबुळ करू लागतो. या थांबण्याला पोकर खेळणारे 'टँक करणे' म्हणतात. असा थांबा कधी रास्त असतो आणि कधी तो इतरांचा उपमर्द ठरतो, यावरून पोकरच्या टेबलांवर वारंवार खटके उडतात. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना आपण शिष्टाचाराच्याच बाजूने बोलत आहोत असे मनापासून वाटत असते, त्यामुळे हा विषय नीट उलगडून पाहण्यासारखा आहे.

बुद्धिबळाशी तुलना केली की अडचण नेमकी कुठे आहे ते लवकर कळते. संथ विचार करणाऱ्यांमुळे एके काळी बुद्धिबळाचे डावही रेंगाळत असत. १८८३ मध्ये लंडनच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचा वेळ वेगळा मोजणारे जोडघड्याळ वापरले गेले आणि तेव्हापासून विचार करणारा खेळाडू स्वतःचाच वेळ खर्च करू लागला. बुद्धिबळात अर्धा तास विचार केला तर त्याची किंमत पुढच्या खेळ्यांत स्वतःलाच मोजावी लागते. पोकरमध्ये तशी सोय मुळातच नाही. टेबलावर आठ-नऊ जण असतात, पण डाव एकच असतो आणि वेळही सगळ्यांना मिळून एकच असतो. एकाने घेतलेले मिनिट बाकीच्या आठ जणांच्या खेळातून वजा होते आणि त्याचा मोबदला त्या आठ जणांना काहीही मिळत नाही. विचार करण्याचा हक्क प्रत्येकाचा असला तरी ज्या वेळात तो विचार करायचा तो सामाईक आहे. पोकरमधला वेळेचा सगळा शिष्टाचार या एका गोष्टीतून निघतो, असे माझे मत आहे.

हा सामाईक वेळ किती तुटपुंजा असतो, ते आकड्यांत पाहू. प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. हिशेबाच्या सोयीसाठी ३० धरले, तर पत्ते पिसणे, वाटणे, बेटिंगच्या, म्हणजे चिप्स पणाला लावण्याच्या, फेऱ्या आणि शेवटी पॉट, म्हणजे मधोमध जमलेल्या चिप्स, विजेत्याकडे सरकवणे हे सगळे मिळून एका डावाला दोन मिनिटे लागतात. आता नऊपैकी एका खेळाडूने प्रत्येक डावात, पाने टाकाऊ असोत की चांगली, २० सेकंद जास्त घेतले, तर डाव १४० सेकंदांचा होतो आणि तासाला जेमतेम २५ डाव पुरे होतात. एका माणसाच्या सवयीने नऊ जणांचे चार-पाच डाव गेले. ही सवय संसर्गजन्य असते, हे त्याहून वाईट. नऊच्या नऊ जणांनी तेवढेच २० सेकंद घ्यायला सुरुवात केली, तर डावाला तीन मिनिटांची भर पडते, डाव पाच मिनिटांचा होतो आणि तासाला फक्त १२ डाव उरतात. वीस सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण तेवढ्यानेच खेळ निम्म्याहून खाली येतो.

रोखीच्या खेळात याचा अर्थ कंटाळा आणि, जिथे बसण्याच्या वेळेनुसार शुल्क घेतले जाते तिथे, थोडे आर्थिक नुकसान एवढाच असतो. स्पर्धेत मात्र संथपणा खेळाचा कसच बदलून टाकतो. पाने वाटण्याआधी बटणाच्या, म्हणजे दर डावाला एकेक जागा पुढे सरकणाऱ्या खुणेच्या, डावीकडच्या दोन खेळाडूंना ज्या सक्तीच्या चिप्स टाकाव्या लागतात त्यांना ब्लाइंड म्हणतात, आणि स्पर्धेत हे ब्लाइंड किती डाव झाले यावर नव्हे, तर घड्याळावर वाढतात. ब्लाइंडचा एक टप्पा, म्हणजे लेव्हल, ४० मिनिटांची असेल, तर चांगल्या गतीच्या टेबलावर तेवढ्या वेळात २० डाव होतात, म्हणजे बटण टेबलाभोवती दोनदा फिरून येते. वर सांगितलेल्या संथ टेबलावर त्याच ४० मिनिटांत आठच डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर आठ डाव म्हणजे एक फेरीसुद्धा पूर्ण होत नाही. सगळ्यांच्या शेवटी बोलण्याची जी फायद्याची जागा बटणावरच्या खेळाडूला मिळते, ती कोणाला तरी एकदाही न मिळता ब्लाइंड वाढलेले असतात. चिप्स तेवढ्याच राहतात, पण ब्लाइंडच्या तुलनेत त्या कमी पडू लागतात, कौशल्याला वाव देणारे डाव घटतात आणि नशिबाचा वाटा वाढतो. संथपणे खेळून आपण अधिक विचारी खेळ करत आहोत अशी ज्याची समजूत असते, तो प्रत्यक्षात सगळ्या टेबलाला, स्वतःसकट, घाईच्या खेळाकडे ढकलत असतो.

तरीही लांब विचार करावा लागतो, आणि तो का करावा लागतो हे समजून न घेता संथ खेळाडूवर चिडणे अन्यायाचे आहे. एक डाव जवळून पाहू. होल्डेम या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाकडे दोन झाकलेली पाने असतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडली जातात. समजा, आपल्या हातात इस्पिक एक्का आणि किलवर राजा आहे. पहिली तीन उघडी पाने, म्हणजे फ्लॉप, अशी: चौकट राजा, इस्पिक अठ्ठी, इस्पिक पंजी. चौथे पान बदाम दुर्री. आपल्याकडे राजांची जोडी आहे आणि सोबतीला एक्का आहे, म्हणून आपण दोन्ही वेळा बेट केली, आणि प्रतिस्पर्ध्याने दोन्ही वेळा निमूटपणे कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालून बरोबरी केली. शेवटचे पान, म्हणजे रिव्हर, इस्पिक दश्शी निघाले. पॉटमध्ये १२,००० चिप्स आहेत. आपण चेक केले, म्हणजे बेट न करता पाळी पुढे सोडली, आणि प्रतिस्पर्ध्याने आपल्या उरलेल्या १२,००० चिप्स एकदम पुढे केल्या.

पहिला हिशेब सोपा आहे. १२,००० घालून २४,००० मिळवायच्या आहेत, म्हणजे अशा प्रसंगी तीनदा कॉल करून आपण एकदाच बरोबर ठरलो तरी नुकसान होत नाही. दुसरा हिशेब मात्र वेळखाऊ आहे: समोरच्याकडे काय असू शकते आणि त्यातले किती प्रकार आपल्याला हरवतात? टेबलावर इस्पिकची तीन पाने आल्यामुळे ज्याच्या हातात आणखी दोन इस्पिक असतील त्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पानांचा जुळाव, झाला. उरलेल्या १० इस्पिकांतून दोन पाने ४५ प्रकारे निघू शकतात, परंतु इस्पिक एक्का आपल्याच हातात असल्यामुळे ते प्रकार ३६ वर येतात, आणि त्यांतली बरीचशी पाने समोरच्याने फ्लॉपआधीच टाकून दिली असती. हातात अठ्ठ्यांची, पंज्यांची किंवा दुर्र्यांची जोडी असेल, तर तीन सारखी पाने झालेली आहेत. प्रत्येकीचे तीन प्रमाणे असे नऊ प्रकार. आता उलट बाजू. सत्ती आणि छक्की घेऊन तो क्रम जुळण्याची वाट पाहत असेल, तर ती वाट फुकट गेली आणि आता तो नुसती हूल देत आहे. दोन्ही पाने इस्पिक असण्याचा एक प्रकार वगळला तर याचे १५ प्रकार होतात. पण फ्लॉपआधी इतकी साधी पाने घेऊन तो डावात आला असता का? आणि इस्पिक एक्का हातात धरून हूल देणे ही अनुभवी खेळाडूची आवडती चाल असते. तो एक्का आपल्याकडे असल्यामुळे तीही शक्यता बाद झाली. म्हणजे त्या एकाच पानाने आपले भयही कमी केले आणि आशाही.

हे सगळे लिहिण्यावाचण्यातच दीड-दोन मिनिटे गेली. त्यात त्या खेळाडूचा आजवरचा खेळ, त्याने आधी किती वेळा हूल दिली, चिप्स पुढे करताना तो कसा बसला होता, हेही जमेस धरायचे असते. ज्या निर्णयावर आपला स्पर्धेतला मुक्काम अवलंबून आहे, त्यासाठी दोन मिनिटे घेणाऱ्याला कोणी घाई करू नये. माझ्या मते अशा वेळी दिलेली शांतता हा टेबलावर बसलेल्यांनी एकमेकांना दिलेला मान आहे, कारण पुढच्या डावात तीच पाळी आपल्यावर येऊ शकते.

प्रश्न या दोन मिनिटांचा नसतो. बटणाआधी चार जागा बसून चौकट सत्ती आणि किलवर तिर्री हातात आलेली असताना, समोर कोणाची बेट नसताना, जो खेळाडू १५ सेकंद पानांकडे पाहतो, मग उजवीकडे-डावीकडे पाहतो आणि शेवटी पाने टाकून देतो, त्याचा असतो. त्या पानांबद्दल ठरवण्यासारखे काहीही नाही, हे त्यालाही ठाऊक असते. लांब विचाराचा अधिकार सहज निर्णय चटकन घेतल्याने मिळतो. तासभर झटपट खेळलेल्या खेळाडूने एकदा तीन मिनिटे घेतली तर टेबल ती आनंदाने देते. प्रत्येक पाळीला रेंगाळणाऱ्याने खऱ्याखुऱ्या अवघड प्रसंगी एक मिनिट घेतले तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे बरेचदा अन्यायकारक असते, पण इतरांना आपल्या हातातली पाने दिसत नाहीत, आपला आजवरचा शिरस्ता तेवढा दिसतो.

रेंगाळण्याचे समर्थन करणाऱ्यांचा एक युक्तिवाद असा: सोपा निर्णय लगेच आणि अवघड निर्णय सावकाश घेतला, तर आपण घेतलेल्या वेळावरूनच समोरच्याला आपल्या पानांचा अंदाज येतो, म्हणून प्रत्येक निर्णयाला सारखाच वेळ घ्यावा. युक्तिवादाचा पाया खरा आहे. झटकन केलेला कॉल पुष्कळदा मध्यम प्रतीची पाने सांगून जातो, आणि निरीक्षण करणारे खेळाडू या गोष्टी टिपून ठेवतात. मात्र सारखा वेळ म्हणजे भरपूर वेळ असे कुठेही ठरलेले नाही. प्रत्येक पाळीला चार-पाच सेकंदांचा एकसारखा विराम घेतला तरी माहिती झाकली जाते आणि टेबलही अडत नाही. २० सेकंदांचा पडदा लागतोच, असे म्हणणाऱ्याने वरचा १२ डावांचा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. आपली पाळी येईपर्यंत पाने न पाहण्याचा सल्लाही याच जातीचा आहे. पाने पाहताच चेहऱ्यावर काही उमटले तर ते आधीच कोणी टिपू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण पाळी आल्यावर पाने पाहणाऱ्याने तोवर बाकीचा विचार करून ठेवलेला असावा. कोणी बेट केली, किती केली, माझ्या मागे किती जण बोलायचे आहेत, कोणाकडे किती चिप्स उरल्या आहेत, हे पाने न पाहताही कळते. मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला खेळाडू पाळी आल्यावर डीलरला 'बेट किती झाली?' असे विचारतो, तेव्हा जाणारा वेळ विचाराचा नसून दुर्लक्षाचा असतो, आणि टेबलाला हा फरक लगेच कळतो.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे नाटकी विचार. हातात अजिंक्य पाने आहेत, रेझ करायचीच, म्हणजे बेट वाढवायचीच, आहे हे पक्के आहे, तरी खेळाडू मुद्दाम कपाळ चोळत, सुस्कारे टाकत मिनिटभर घेतो, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याला तो अडचणीत आहे असे वाटावे. फसवणूक हा पोकरचा प्राणच असल्यामुळे याला नियमबाह्य म्हणता येत नाही, आणि मर्यादेत केले तर मी त्याला अशिष्टही म्हणणार नाही. परंतु हे नाटक प्रेक्षक म्हणून बसवलेल्या सात जणांच्या वेळातून चालते. आठवड्याच्या खेळात एखादेवेळी, मोठ्या पॉटसाठी केले तर लोक सोडून देतात. दर तासाला केले, तर पुढच्या खऱ्या टँकवर कोणी विश्वास ठेवत नाही.

स्लोरोल मात्र यापासून पूर्ण वेगळा समजला पाहिजे, कारण त्यात डावपेचाचा अंशही नसतो. प्रतिस्पर्ध्याने शेवटच्या पानावर सगळ्या चिप्स लावल्या आहेत, आपल्या हातात कोणत्याही परिस्थितीत न हरणारी पाने आहेत, यापुढे बेटिंग उरलेली नाही, म्हणजे कॉल करण्यावाचून काही ठरवायचेच नाही. तरीही खेळाडू मान हलवतो, चिप्स मोजल्यासारखे करतो, 'बहुतेक मी हरलोय' असे पुटपुटतो आणि अर्ध्या मिनिटाने कॉल करून सावकाश एकेक पान उलटतो. तेवढ्या वेळात समोरचा माणूस आपण वाचलो असे समजून बसलेला असतो. या अर्ध्या मिनिटाने विजेत्याला एकही चिप जास्त मिळत नाही. मिळते ती फक्त समोरच्याची फजिती. म्हणून जवळजवळ सगळीकडचे खेळाडू याला टेबलावरच्या सर्वांत हलक्या वर्तनांत धरतात. बलवान पाने असून सुरुवातीच्या फेऱ्यांत गप्प राहण्याची जी चाल आहे, तिला स्लोप्ले म्हणतात, आणि नवखे लोक या दोन शब्दांची गल्लत करतात. स्लोप्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याकडून अधिक चिप्स काढण्याचा हेतू असतो आणि तो पूर्णपणे सभ्य खेळ आहे. नवख्याकडून अजाणतेपणी स्लोरोल घडू शकतो, कारण आपली पाने अजिंक्य आहेत हेच त्याला पटकन उमगत नाही; अशा वेळी 'माफ करा, मला नीट कळले नव्हते' एवढे वाक्य पुरते आणि समोरच्यानेही ते स्वीकारावे. डाव संपल्यावर पाने दाखवतानाही हाच नियम लागू पडतो: आपण जिंकलो आहोत हे माहीत असेल तर दोन्ही पाने एकदम, लगेच उलटावीत.

स्पर्धेत बक्षिसांची रेषा जवळ आली की आणखी एक रोग दिसू लागतो. समजा, १५० जणांना बक्षीस आहे आणि १५५ खेळाडू उरले आहेत. ज्याच्याकडे अगदी थोड्या चिप्स आहेत त्याच्या दृष्टीने आणखी पाच जण बाहेर जाईपर्यंत टिकून राहणे हाच सगळा खेळ असतो. त्याच्या टेबलावर जितके कमी डाव होतील तितके त्याला कमी ब्लाइंड भरावे लागतील, आणि तेवढ्यात दुसऱ्या टेबलांवरचे लोक बाद होतील. म्हणून तो प्रत्येक डावात उगाच थांबतो. एका टेबलावर सहा डाव होत असताना याच्या टेबलावर तीनच झाले, तर तेवढ्याच चिप्स असलेला दुसऱ्या टेबलावरचा खेळाडू दुप्पट वेगाने ब्लाइंडकडे ढकलला जातो, आणि त्याने काहीही चुकीचे केलेले नसते. यावर संयोजकांनी काढलेला उपाय म्हणजे रेषेच्या अगदी जवळ आल्यावर सगळ्या टेबलांवर डावास डाव खेळवणे: प्रत्येक टेबल एक डाव पूर्ण करते आणि बाकीची टेबले संपेपर्यंत थांबते. त्यामुळे रेंगाळून आपल्या टेबलावरचे डाव कमी करणे शक्य होत नाही. मात्र ही पद्धत सुरू होण्याआधीचा टप्पा मोकळाच राहतो. नियमांत बसते म्हणून रेंगाळणे योग्य, असे म्हणणारे अनेक चांगले खेळाडू आहेत. मला ते पटत नाही. ब्लाइंड चुकवण्याचे हे कौशल्य पत्त्यांचे नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्या टेबलावरचा एक अनोळखी माणूस मोजतो.

नियम यात कितपत मदत करतात? स्पर्धांचे संचालन करणाऱ्यांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही संघटना २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे नियम जगातल्या असंख्य स्पर्धांत आधार म्हणून वापरले जातात. त्यांनुसार खेळाडूला आधी वाजवी वेळ मिळतो. वाजवी म्हणजे किती, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे. तो वेळ उलटल्यावर अधिकारी स्वतः किंवा स्पर्धेतल्या कोणाही खेळाडूच्या विनंतीवरून घड्याळ लावू शकतो. नियमांच्या अलीकडच्या आवृत्त्यांत घड्याळ लागल्यानंतर २५ सेकंद आणि त्यावर पाच सेकंदांची उलटी मोजणी मिळते. पूर्वी ही मुदत मिनिटाची असे. मुदत संपली आणि समोर बेट असेल तर पाने बाद होतात. बेट नसेल तर चेक केले असे धरतात. खेळ लांबवणे हा शिष्टाचारभंग म्हणूनही नियमांत नोंदलेला आहे आणि त्यासाठी दंड होऊ शकतो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या २०१६ च्या मुख्य स्पर्धेत ब्रिटिश खेळाडू विल्यम कसूफ यांच्या सततच्या बोलण्यावरून आणि वेळ घेण्यावरून टेबलावर उघड वाद झाले आणि अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले. कसूफ त्या स्पर्धेत १७ वे आले. त्या प्रसंगानंतर एकाच खेळाडूला किती वेळ द्यायचा, हा प्रश्न नेहमीच्या खेळाडूंच्या वर्तुळाबाहेरही चर्चिला गेला.

वर्ल्ड पोकर टूरने २०१७ पासून आपल्या मुख्य स्पर्धांत बक्षिसांची रेषा जवळ आल्यावर प्रत्येक निर्णयासाठी ३० सेकंदांचे घड्याळ आणले आणि खेळाडूंना जादा वेळेची मोजकी टोकने हातात दिली. अवघड प्रसंगी एक टोकन टाकायचे आणि जादा वेळ विकत घेतल्यासारखा घ्यायचा. मोठ्या प्रवेशशुल्काच्या स्पर्धांतही अशीच पद्धत रूढ झाली आहे. बुद्धिबळाने जे साधले ते इथे काही प्रमाणात साधते: विचाराची किंमत विचार करणाऱ्याच्याच खिशातून जाते. घड्याळाला एक उणी बाजूही आहे, ती अशी की समोर ३० सेकंद चालू दिसले की काही खेळाडू साध्या फोल्डलाही, म्हणजे पाने टाकून देण्यालाही, त्यातले २०-२५ वापरू लागतात, जणू ते आपल्या हक्काचे आहेत. म्हणजे घड्याळ लांब टँक आवरते, पण छोटे रेंगाळणे कधीकधी वाढवते, आणि त्यासाठी पुन्हा शिष्टाचारावरच विसंबावे लागते. ऑनलाइन खेळात हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे, कारण वेळ आणि जादा वेळेची शिल्लक दोन्ही यंत्रच मोजते आणि मुदत संपली आणि समोर बेट असेल तर तेच पाने टाकून देते.

घड्याळ मागणे हा अपमान नाही, परंतु ते मागण्याची रीत असते. आधी किती वेळ गेला हे रागाच्या भरात नेहमी जास्त वाटते. वाट पाहणाऱ्याला ४० सेकंद सहज दोन मिनिटांसारखे भासतात, म्हणून मागण्याआधी भिंतीवरच्या किंवा पडद्यावरच्या घड्याळाकडे एकदा पाहावे. पॉट मोठा आहे आणि खेळाडूने त्या दिवशी क्वचितच वेळ घेतला आहे, तर थांबावे. मागायचे ठरले तर डीलरकडे पाहून शांतपणे 'वेळ लावा' म्हणावे; विचार करणाऱ्या खेळाडूला उद्देशून काही बोलू नये, घड्याळावर बोट ठेवून हातवारे करू नयेत आणि मोठ्याने उसासेही टाकू नयेत. डावात नसलेल्यानेही मागायला हरकत नाही. उलट त्याला पॉटमध्ये काही मिळवायचे नसल्यामुळे त्याच्या विनंतीत दबावाचा संशय कमी येतो. ज्याने बेट केली आहे त्याने स्वतःच घड्याळ मागितले, तर समोरच्याला त्यातूनही काही माहिती मिळते, आणि म्हणूनच बहुतेक जण तसे करत नाहीत. ज्याच्यावर घड्याळ लागते त्यानेही ते मनाला लावून घेऊ नये. मागणाऱ्याचे नाव विचारणे, त्याच्याकडे वळून पाहणे, पुढच्या डावात त्याच्यावर घड्याळ लावून उट्टे काढणे, यांनी टेबल तासभर कडवट होते.

विचार करणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. पाळी आल्याआल्या 'थोडा वेळ घेतो' असे स्पष्ट म्हटले, तर पुढचा खेळाडू चुकून पाळी सोडून बोलत नाही आणि डीलरलाही आपण बोललो की नाही असा संभ्रम पडत नाही. विचार संपल्यावर निर्णय एका शब्दात सांगावा. तीन मिनिटे घेऊन फोल्ड केल्यावर 'तुझ्याकडे काय होते, खरे सांग' असे विचारत आणखी मिनिट खाणारे खेळाडू आपण केलेल्या चांगल्या फोल्डची शोभा घालवतात. त्या वेळी बाकीच्यांनी पाळायचे पथ्य एकच, पण कडक: दोघांत चाललेल्या डावावर अवाक्षर बोलू नये. पाने टाकलेल्याने 'माझ्याकडे इस्पिक गुलाम होता' एवढे हळूच शेजाऱ्याला सांगितले, तरी त्याने विचार करणाऱ्याचा ३६ प्रकारांचा हिशेब बदलून टाकलेला असतो. इतर विषयांवर हलक्या आवाजात बोलायला हरकत नाही. मात्र एखाद्याने शांततेची विनंती केली तर ती मानावी.

नवखा खेळाडू संथ असतो तो निराळ्या कारणाने. त्याला पाळी कोणाची, बेट किती, कॉल करायला किती चिप्स लागतील हेच उमगत नसते, आणि आठ अनुभवी डोळे आपल्याकडे लागले आहेत या जाणिवेने त्याचे हात आणखी गोंधळतात. त्याच्यावर घड्याळ लावणे नियमात बसले तरी शोभत नाही. डीलरने 'आपली पाळी, ४०० कॉल करायला' असे शांतपणे सांगितले की त्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि दोन तासांत तो आपोआप टेबलाच्या गतीला येतो. पाने कोणती टाकावीत हे मात्र शेजाऱ्याने सांगू नये. डाव एकानेच खेळायचा असतो, हे तत्त्व नवख्यालाही लागू आहे.

मित्रांच्या खासगी खेळात ना अधिकारी असतो, ना घड्याळ. तिथे संथ खेळणारा बहुधा जवळचाच कोणीतरी असतो आणि त्याला भर डावात टोकणे सगळ्यांनाच जड जाते. अशा वेळी बोलायचे ते पत्ते पिसायच्या आधी, आणि कोणा एकाला उद्देशून न बोलता. फ्लॉपआधी दहा सेकंद, मोठ्या बेटला दोन मिनिटे, आणि रात्री प्रत्येकाला एकदा हवा तेवढा वेळ, असे काहीतरी सर्वांनी मिळून ठरवावे आणि मोजण्याचे काम आळीपाळीने त्या डावात पाने टाकलेल्या पहिल्या खेळाडूकडे द्यावे. ज्याच्यावर आज मोजायची पाळी येते, तो पुढच्या डावात स्वतः किती वेळ घेतो याकडे आपोआप लक्ष देऊ लागतो.